गाठी लिव्हरात, मूळ जठरात

आमचे अण्णा निपाणीत तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं दिवाणजी होते. पोट जड वाटतंय म्हणून सोनोग्राफी केली, तर लिव्हरमध्ये चार गाठी. रक्तातलं एएफपी मोठ्या माणसात साधारण १० च्या आत असतं. त्यांचं काही हजारांत गेलेलं. लिव्हरचा कॅन्सर, असं ठरलं आणि गोळ्या सुरू झाल्या. सात आठवडे आम्ही तेच धरून चाललो. मूळ आजार जठरात होता. ‘हेपॅटॉइड अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ हे त्याचं नाव. कुणाच्या तरी घरी हे सात आठवडे वाचावेत म्हणून लिहिते आहे.

१. एएफपी वाढलं की लिव्हरच, असं नाही.

आईच्या पोटात असताना बाळाचं लिव्हर हे प्रथिन बनवतं. जन्मानंतर ते जवळजवळ थांबतं. १९६३-६४ मध्ये आबेलेव्ह आणि तातारिनोव्ह या रशियातल्या शास्त्रज्ञांनी त्याचं लिव्हरच्या कॅन्सरशी नातं दाखवलं, म्हणून ही तपासणी. पण ते गरोदरपणात वाढतं, अंडाशयाच्या आणि वृषणाच्या काही गाठींत वाढतं. आणि क्वचित जठराचा, फुप्फुसाचा, स्वादुपिंडाचा कॅन्सरही लिव्हरच्या पेशींसारखं रूप घेतो आणि हेच प्रथिन सोडू लागतो. जठरातल्या अशा कॅन्सरला हे नाव १९८५ मध्ये जपानी डॉक्टरांनी दिलं. बेळगावच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला कागदावर एक नळी काढून दाखवली. “गर्भात जठर आणि लिव्हर एकाच नळीतून तयार होतात. सख्खी भावंडंच म्हणा की.” त्या एका चित्रानं मला जे कळलं, ते तोवरच्या जाडजूड फाईलनं कळलं नव्हतं.

२. बाकीचं लिव्हर कसं आहे, हे विचारा.

लिव्हर आधीच सिरोसिसनं खराब असेल किंवा जुनी हेपॅटायटिस बी असेल, तर स्कॅनवरच्या ठरावीक खुणांवरून तुकडा न काढताही लिव्हरच्या कॅन्सरचं निदान करता येतं. अण्णांना दोन्ही नव्हतं. निरोगी लिव्हरमध्ये एकदम चार गाठी आल्या कुठून, हा प्रश्न आमच्यापैकी कुणीच विचारला नाही. मी शिक्षिका आहे. पोरांना रोज प्रश्न विचारायला सांगते.

३. दुर्बीण टाळू नका.

दोन घासांत पोट भरायचं, शौचाला काळं व्हायचं. आम्ही पित्त म्हणत राहिलो. हा आजार सगळ्यात जास्त जठरातच सापडतो, आणि जठर बघायला दुर्बिणीची तपासणी काही मिनिटांची.

४. तुकड्याचा मेणाचा ठोकळा मागून घ्या.

लिव्हरमधून काढलेल्या पहिल्या तुकड्याचा रिपोर्ट ‘लिव्हरचा कॅन्सर’ असाच होता. आधी मला त्याचा फार राग आला. मग मॅडमनी समजावलं : लिव्हरच्या पेशी ओळखायला हेप-पार वन नावाचं रंजक वापरतात, ते या आजारातही चढतं. सॅल-फोर नावाचं दुसरं रंजक लावलं, की जठरातून आलेल्या या गाठींत ते बऱ्याचदा चढतं, खऱ्या लिव्हरच्या कॅन्सरमध्ये सहसा नाही. तेवढ्यावरही त्या थांबल्या नाहीत. दुर्बिणीनं जठराचा तुकडा घेतला, दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, मगच सही केली. तपासून उरलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात वर्षानुवर्षं टिकतो. लॅबमध्ये सही करून तो आणि काचपट्ट्या मिळतात. दुसरीकडे पुन्हा सुई टोचावी लागत नाही. आम्ही ठोकळा रुमालात गुंडाळून तवंदी घाटातून बेळगावला नेला.

५. कागद आधी जुळवा.

आमचं रेशनकार्ड कर्नाटकचं, जवळचं मोठं शहर कोल्हापूर. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जनआरोग्य योजना जाहीर केली, कर्नाटकानं हरकत घेतली, आणि कुठलं कार्ड कुठं चालेल हे विचारत माझा दादा काउंटर-काउंटर फिरला. इकडच्या आयुष्मान योजनेत मोठ्या उपचाराला सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. पहिल्याच दिवशी ती घ्या. आजारी माणसाला घेऊन दोन राज्यांच्या मधे उभं राहायची वेळ कुणावर येऊ नये.

६. नाव बदललं की औषध बदलतं.

गोळ्या बंद झाल्या, जठराच्या कॅन्सरची सलाईनमधली केमो सुरू झाली. हर-टू ही तपासणीही जठराचं निदान झाल्यावरच झाली. आजार पसरलेला होता, बरा होणार नव्हता. पण अण्णा पुन्हा अर्धी भाकरी खाऊ लागले, आणि त्यानंतर अकरा महिने आमच्यात होते.

७. लिव्हर म्हटलं की लोक दारू म्हणतात.

हे अण्णांना गाठींपेक्षा जास्त लागलं. माळकरी माणूस, कार्तिकीची वारी कधी न चुकलेला. लिव्हरचा कॅन्सर हेपॅटायटिस बी आणि सीनंही होतो, दारूचा थेंब न घेणाऱ्यालाही होतो. पण गल्लीत हे कोण ऐकणार? निदान बदललं त्या दिवशी अण्णांनी आधी किती दिवस राहिले ते विचारलं नाही. “आता लोकांना सांगता येईल,” म्हणाले.

दहाव्याला एक बाई आईजवळ बसून हळहळली, “लिव्हरचं दुखणं वाईटच.” आई चार दिवस कुणाशी बोलली नव्हती. मान वर करून म्हणाली, “लिव्हरचं नव्हं. जठराचं.”