पाळण्यात बाळाखेरीज काही नको

गारगोटी, आषाढ

चि. सौ. सोनूस,


बारशाला येता आलं नाही याची रुखरुख होतीच. तू पाठवलेला पाळण्याचा फोटो मात्र नीट मोठा करून पाहिला. जुना शिसवी पाळणा, वर कापडी चिमण्यांचा खेळणा, सगळं देखणं आहे. पण त्यात बाळ शोधावं लागलं गं! डोक्याखाली मोहरीची उशी, दोन्ही अंगांना लोड, पायाशी गोधडी, उशाशी ससा आणि डोक्यावर कुंची. हे सगळं कुणी ना कुणी प्रेमानं आणलेलं आहे, हे मला कळतं. तरीही इतकी वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढलेली बाई म्हणून सांगते: बाळ झोपलेलं असताना यातलं काहीही पाळण्यात ठेवू नकोस.

सपाट, घट्ट गादी, तिच्यावर ताणून खोचलेली चादर आणि बाळ. बस्स. सासूबाई म्हणतील, पाळणा ओका ओका दिसतो. दिसू दे. दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या मानेत बळ नसतं. तोंड मऊ उशीत किंवा गोधडीत रुतलं, तर ते बाजूला करणं त्याला जमत नाही. सोडलेलाच श्वास ते पुन्हा आत घेत राहतं, आणि रडण्याचा आवाजही येत नाही. मोहरीच्या उशीनं डोकं गोल होतं म्हणतात. त्यासाठी उशी लागत नाही. बाळ जागं असताना, तू समोर बसलेली असताना, त्याला रोज थोडा वेळ पालथं घाल. डोक्यावरचा दाब हलतो आणि मानही धरते. झोपताना मात्र दिवसा काय, रात्री काय, उताणंच.

यात आपल्या जुन्या बायकांचं शहाणपण मोठं. त्या बाळाला उताणंच निजवायच्या. उलट परदेशात मोठमोठे डॉक्टर कित्येक वर्षं पालथं निजवा म्हणून सांगत होते. तिथे धडधाकट बाळं झोपेतच दगावत, आणि कारण सापडत नसे. ब्रिटनमधल्या ॲन डायमंड या टीव्ही निवेदिकेचं बाळ १९९१ साली असंच गेलं. त्या बाईनं दुःख गिळून सरकारच्या मागे लकडा लावला, आणि त्याच वर्षाअखेरीस बाळांना उताणं निजवण्याची मोहीम तिथे सुरू झाली. काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९२ साली हाच सल्ला दिला आणि तिथेही तेच घडलं. औषध नाही, यंत्र नाही, फक्त कूस बदलली. दूध वर येऊन ठसका लागेल ही तुझी भीती मला ठाऊक आहे. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या अंगाला असते, त्यामुळे वर आलेलं दूध सहसा तिच्यात उतरत नाही. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढ आणि मग निजव.

आता पावसाचं. पंचगंगा पात्राबाहेर आली की तुमच्या शिवाजी पेठेतल्या त्या जुन्या घरात भिंतीसुद्धा ओलावतात. लंगोट वाळत नाहीत, म्हणून खोलीत शेगडी येते, तिच्यावरच धुरी, आणि गारवा नको म्हणून खिडक्या बंद. सोनू, हे अजिबात होऊ देऊ नकोस. बंद खोलीतल्या कोळशाचा वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि तो आई-बाळ दोघांनाही झोपेतच नेतो. शेगडी ओसरीवर ठेवा, कपडे तिथे वाळवा आणि वाळले की आत आणा. ओवा-वावडिंगाच्या धुरानं बाळ शेकतं ही समजूत सोड, त्याच्या इवल्या फुप्फुसांना तो धूरच आहे. डासांसाठी कॉइल नको, ताठ बसणारी मच्छरदाणी लाव. तुमच्या दादांना सांग, विडी अंगणात, आणि नंतर हात धुऊन, सदरा बदलूनच बाळाला घ्यायचं.

थंडी वाजते का हे हातापायांवरून ठरवू नकोस, ते गारच लागतात. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून बघ. तुझ्या अंगावर आहे त्यापेक्षा एक कपडा जास्त, एवढं पुरतं. घरात झोपताना कुंची-टोपडं काढ. बाळाच्या अंगातली ऊब डोक्यावाटे बाहेर पडते, ती कोंडली की अंग तापतं. दुपट्यात गुंडाळलंस तर पाय आत हलतील इतकं सैल ठेव, आणि कुशीवर वळायला लागलं की गुंडाळणं बंद. दृष्टीचा काळा दोरा गळ्यात नको. सासूबाईंना दुखवू नकोस, तीट लावा म्हणावं, तीही गालावर किंवा तळपायाला. काजळ डोळ्यात नको.

साडीची झोळी दुपारी तुला मोह घालेल, कारण तिच्यात बाळ पटकन झोपतं. पण झोळीत अंग मुडपतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट चिमटते. झोळीत डोळा लागलाच तर उचलून पाळण्यात घाल. पाळणाही झोप लागेपर्यंतच हलवायचा, मग थांबवायचा. मोठ्या भाचरांना झोका द्यायची हौस असते, त्यांच्या हाती दोरी देऊ नकोस.

रात्री पाळणा तुझ्या पलंगाला लागूनच असू दे. पाजायला कुशीत घे, पण परत पाळण्यात ठेव. तुम्हा दोघांच्या मधे निजवू नकोस, आणि आरामखुर्चीत पाजताना डोळा लागतोय असं वाटलं तर सरळ हाक मारून कुणाला तरी उठव. तुझी झोपमोड आणि बाळाचा जीव यांत निवड करायची वेळ येऊ नये, म्हणून घरच्यांनी पाळ्या लावाव्यात. हे मी जावईबापूंनाही फोनवर सांगणार आहे.

एखाद्या रात्री ते पोट भरूनही रडतच राहील आणि तुझ्या डोक्यात सणक जाईल. सगळ्या आयांची जाते. तेव्हा त्याला हलवू-हिसकू नकोस, अशा हिसक्यानं मेंदूत रक्तस्राव होतो. पाळण्यात उताणं ठेव, दार ओढून घे, पाच मिनिटं बाहेर श्वास घे आणि मग परत जा.

आशा स्वयंसेविका, म्हणजे आपल्या आशाताई, बाळ बेचाळीस दिवसांचं होईपर्यंत फेऱ्या मारतात. त्यांना चहावर बोळवू नकोस, मनातलं सगळं विचार. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि बाळमृत्यू कमी करून दाखवले. आशाताईंच्या या फेऱ्या त्याच कामातून उभ्या राहिल्या. बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास मोजलेस, तर सकाळची वाट न बघता सीपीआर रुग्णालयात ने.

एक राहिलंच. त्या पाळण्याच्या साखळ्या आणि तुळईतली कडी सुताराकडून तपासून घेतलीत का? पाळणा गुडघ्याच्या उंचीपर्यंत खाली घ्या आणि खाली सतरंजी घाला. बाळ बसायला लागलं की पाळणा आवरायचा. रविवारी पावसानं उघडीप दिली तर मी येते. तोवर कडी बघून झाली नसेल, तर बाळाला जमिनीवर घट्ट गादीवर निजव.

तुझी,
मावशी