आरोग्य पाठ : नाळ कापल्यावर बाळाला होणारा औषधाचा त्रास

मैत्रिणींनो, या महिन्याचा पाठ जरा नाजूक आहे. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. कुणाकडे बोट दाखवायचं नाही, एवढं आधीच ठरवून घ्या.

असं का होतं?
अफू, ब्राऊन शुगर, ट्रामाडॉलच्या दुखण्यावरच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ही सगळी एकाच जातीची. कंबर दुखते म्हणून कुणी गोळी आणून देतं, बरं वाटतं, मग ती रोजच लागायला लागते. गरोदरपणात अशी औषधं बरेच दिवस पोटात गेली, तर ती वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि त्याच्या शरीराला त्यांची सवय होते. नाळ कापली की ती एकदम बंद होतात. मग बाळाला त्रास सुरू होतो. बाळ नशेबाज नसतं, आणि ते वाईटही नसतं.

ओळखायचं कसं?
हा त्रास बहुतेक वेळा जन्मानंतर 1 ते 3 दिवसांत दिसतो. कधी पाचवा दिवसही उजाडतो, म्हणजे बाळ घरी आल्यावरसुद्धा.
- किंचाळल्यासारखं, न थांबणारं रडणं
- हातपाय थरथरणं, अंग ताठ होणं
- झोप न लागणं, सारख्या शिंका व जांभया
- दूध नीट न ओढणं, उलट्या, पातळ जुलाब
- ताप, घाम, कधी झटके

जंतुसंसर्ग झाला किंवा रक्तातली साखर कमी झाली तरी यातली बरीच लक्षणं दिसतात. म्हणून "दृष्ट लागली" म्हणत घरी थांबू नका. झटके आले, दूध पिणं थांबलं, तर लगेच 108 ला फोन करा.

उपचार काय करतात?
अमेरिकेत गेल्या वीसेक वर्षांत अशी बाळं फार वाढली, म्हणून तिथे यावर अभ्यासही झाला. 26 दवाखान्यांतल्या 1,305 बाळांचा एक अभ्यास 2023 मध्ये छापून आला. त्यात नर्सबाई तीन साध्या गोष्टी बघायच्या: बाळ पुरेसं पितं का? सलग तासभर झोपतं का? जवळ घेतल्यावर दहा मिनिटांत शांत होतं का? नाही म्हटलं, तर आधी आईजवळ देणं, उघड्या छातीशी धरणं, दुपट्यात गुंडाळणं, मंद उजेड, शांतता, थोडं थोडं पण वारंवार पाजणं. अशी बाळं सरासरी 8 दिवसांत घरी जायच्या तयारीला आली. जुन्या पद्धतीने जवळजवळ 15 दिवस लागत. औषधाची गरजही शंभरातल्या 52 बाळांवरून 20 वर आली.

एवढं करूनही भागलं नाही, तर डॉक्टर मॉर्फीनसारखं औषध अगदी मोजून देतात आणि हळूहळू कमी करतात. हे फक्त दवाखान्यातच होतं.

हे करू नका
- गरोदर बाईने गोळ्या एकदम बंद करू नयेत. त्याने दिवस भरण्याआधी कळा येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच औषध बदलायचं.
- बाळाला गुटीतून अफू किंवा झोपेचं औषध देऊ नका. पूर्वी मुंबईत कामाला जाणाऱ्या बायका बाळाला अफूची बाळागोळी देत. बाळ गप्प व्हायचं, पण अफूने श्वासही मंदावतो आणि जीव जाऊ शकतो.
- अंगावर पाजणं मनानेच बंद करू नका, मनानेच चालूही ठेवू नका. उपचार नीट चालू असलेल्या आईचं दूध बहुधा बाळाला चांगलंच. पण कोडीन-ट्रामाडॉल चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आपल्या हातात काय?
बाळंतपणाआधी खरं सांगितलं, तर डॉक्टर पहिल्या दिवसापासून बाळावर लक्ष ठेवतात. लपवलं, तर बाळ का रडतं तेच कळत नाही. सासूबाई काय म्हणतील, गाव काय म्हणेल, या धास्तीने बाई गप्प बसते. तिच्यासोबत आशाताईकडे किंवा नर्सबाईंकडे जाणारी एक मैत्रीण गटातून मिळाली, तरी मोठं काम होईल. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी 14446 हा मोफत क्रमांक आहे.

बैठकीत बोलूया
1. आपल्या घरात दुखण्याच्या गोळ्या कोण, कुणाला विचारून घेतं?
2. एखादीने अशी गोष्ट सांगितली, तर ती गटाबाहेर जाणार नाही याची जबाबदारी कोण घेईल?