पैशाचं सोंग

रविवारी सकाळी साडेदहाला बेल वाजली तेव्हा मी गच्चीत फोमच्या खांदपट्ट्यांना रंगाचा दुसरा हात देत होते. खाली दार आईनं उघडलं. पार्सल माझ्या नावाचं, फ्लॅट नंबरासकट पूर्ण पत्ता घातलेला. पाठवणाऱ्याच्या जागी नुसता कुठल्याशा दुकानाचा शिक्का. आत लाल सॅटिनचा एक पोशाख, माझ्या मापाहून दोन नंबर लहान, आणि छापील चिठ्ठी: या महिन्याचे फोटो ह्यात काढ, मी सहा महिने पैसे भरतोय.

“कोणी पाठवलंय गं?”

“ओळखीचा आहे एक.”

“नाव काय त्याचं?”

नाव मला माहीत नव्हतं. त्याचं टोपणनाव माहीत होतं आणि तो दरमहा पंचवीस डॉलर देतो एवढं माहीत होतं. आईनं चिठ्ठीची घडी घातली, टेबलावर ठेवली आणि ती कुकर लावायला गेली. तिनं मला चार शब्द सुनावले असते तर जास्त बरं वाटलं असतं.

मी पार्ल्याची. पूर्वेची, हनुमान रोडच्या मागची. कॉस्प्ले करते, म्हणजे ॲनिमे, कॉमिक किंवा गेममधल्या पात्राचा वेश स्वतः बनवून ते पात्र उभं करते. कॉस्च्यूम आणि प्ले जोडून जपान्यांनी १९८०च्या दशकात हा शब्द रूढ केला. आजीला मी तो समजावला तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे बहुरूपी की!” तिच्या लहानपणी गावात बहुरूपी यायचा. कधी फौजदार होऊन, कधी फकीर होऊन. लोकांची भंबेरी उडवायची, मग हसून खरं सांगायचं आणि शिधा घेऊन पुढच्या गावाला जायचं. ह्यातलं ‘पुढच्या गावाला जायचं’ हे किती महत्त्वाचं होतं, ते मला पार्सल आल्यावर कळलं.

सुरुवात साधी होती. करोनाच्या आधी गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये कॉमिक कॉन भरायचं. मी ‘अटॅक ऑन टायटन’मधली मिकासा झाले. पट्टे स्टेशनबाहेरच्या चप्पल शिवणाऱ्या काकांकडून करून घेतले, लाल मफलर आईनं विणला. शनिवारच्या धीम्या लोकलमध्ये पुठ्ठ्याच्या दोन तलवारी घेऊन पार्ले ते गोरेगाव उभी गेले. बायकांच्या डब्यात एका मावशींनी विचारलं, नाटक कुठे आहे? त्या दिवशी अनोळखी पोरं माझ्यासोबत फोटो काढायला रांगेत उभी राहिली. ही नशा मी नाकारत नाही. लॉकडाऊनमध्ये ती नशा घरात आली आणि २०२१च्या उन्हाळ्यात मी एका परदेशी प्लॅटफॉर्मवर दरमहा वर्गणी घ्यायला लागले.

पहिल्या तीन महिन्यांत अठ्ठेचाळीस वर्गणीदार झाले. बहुतेक आपल्याकडचेच, पुण्या-बंगळुरूची कॉलेजची मुलं. दीड-दोनशे रुपये द्यायची आणि विचारायची काय, तर फोमला चिरा का पडतात, विग कसा कापायचा. मग १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला: कार्डातून दरमहा आपोआप पैसे कापायचे तर ग्राहकाची नोंदवलेली संमती हवी, चोवीस तास आधी सूचना हवी, आणि ठरावीक रकमेच्या वर दर वेळी ओटीपी हवा. नियम ग्राहकाच्या भल्याचा. पण माझ्या प्लॅटफॉर्मकडे तेव्हा ती सोय नव्हती. पुढच्या एक तारखेला एकामागून एक पेमेंटं अडकली आणि अठ्ठेचाळीसाचे अकरा झाले.

तिथे मी चुकले, असं आता वाटतं. अकरांवर थांबून यूपीआयनं पॅटर्न विकता आले असते. मी मात्र परदेशी वर्गणीदार गाठायला निघाले. ते आले, डॉलर आले, आणि प्रश्न बदलले. फोमबद्दल कोणी विचारेना. तू दिसतेस कशी, राहतेस कुठे, कोणी आहे का तुझं, हाच वेश जरा तोकडा केला तर? दर वेळी एकच पाऊल. पाच डॉलरच्या वर्गणीत अमुक, पंधराच्या वर्गणीत तमुक. पायऱ्या मीच बांधल्या होत्या, त्यामुळे वर चढणाऱ्याला दोष तरी कसा देऊ?

आणि हिशेब? आपल्यात म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. मी दीड वर्ष तेच आणलं. एप्रिल २०२२ मध्ये अंधेरीची ग्राफिक डिझाइनची नोकरी सोडली. त्या जूनमध्ये माझा सर्वांत चांगला महिना झाला: ६४० डॉलर. मैत्रिणींना मी पन्नास हजार सांगितले. प्लॅटफॉर्मचं कमिशन, पेमेंटची फी आणि चलन बदलताना गेलेलं वजा करून बँकेत बेचाळीस हजार आले. त्यातून विग, लेन्स, फोम, कापड, चामडं मिळून साडेसतरा हजार. फोटोग्राफर आणि स्टुडिओचे सहा. उरले साडेअठरा हजार आणि वहीत तास भरले एकशे चाळीस. तासाला सुमारे एकशे बत्तीस रुपये. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा तासाचा हिशेब त्याहून बरा पडतो, आणि त्यांना कोणी सॅटिन पाठवत नाही.

आजीकडे या बाबतीत एकच दाखला होता, बालगंधर्वांचा. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. शालू खरे, दागिने भारी, अत्तराचा घमघमाट, बडोद्याच्या गायकवाडांसारखे आश्रयदाते, थिएटरं भरलेली, आणि तरी कंपनीच्या डोक्यावर कर्ज. “वेशाला हात आखडायचा नाही हे त्यांना शोभलं, तुला नाही,” असं ती म्हणायची. मी तिचं ऐकायला हवं होतं.

खर्चाचं गणित पावसाळ्यात आणखी बिघडतं, हे मुंबईबाहेरच्या कुणाच्या लक्षात येत नाही. जून ते सप्टेंबर एसआर ९९८ हा गोंद नीट सुकत नाही, जोड उघडतात, चामड्यावर बुरशी चढते, रंगाचा एक हात वाळायला दोन दिवस. वर्गणीदाराला याच्याशी देणंघेणं नाही. त्याचे पैसे एक तारखेला कापले गेले. बहुरूपी आधी सोंग दाखवायचा आणि मग शिधा मागायचा. इथे शिधा आधी येतो, म्हणजे तुम्ही पुढचा महिना आगाऊ विकलेला असतो. ताप आला तरी, आजी हॉस्पिटलात असली तरी. आमची आजी ऑगस्टमध्ये होती. मी व्हरांड्यात बसून फोटो एडिट करत होते.

नोव्हेंबरात प्लॅटफॉर्मनं एका फोटोवर आक्षेप घेऊन माझं खातं तपासणीसाठी थांबवलं. फोटो चिलखताचा होता, त्यात काही नव्हतं, आणि सत्तेचाळीस दिवसांनी त्यांनीही तसंच कळवलं. तोवर दोन महिन्यांचे पैसे आत अडकले. मोठ्या प्लॅटफॉर्मांचे नियम रातोरात बदलू शकतात याचा नमुना जगानं आधीच पाहिला होता. ओन्लीफॅन्सनं १९ ऑगस्ट २०२१ ला लैंगिक मजकुरावर बंदी जाहीर केली आणि सहाव्या दिवशी ती मागे घेतली. त्या सहा दिवसांत ज्यांची घरं त्यावर चालत होती त्यांनी काय केलं असेल, ते मला नोव्हेंबरात समजलं.

पार्सल आलं ते जानेवारीत. पत्ता कसा फुटला ते शोधायला मी माझे सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले. पार्लेकराला विमानाचा आवाज ऐकू येत नाही, कान मेलेले असतात. माझ्या व्हिडिओंत मात्र दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून विमान जात होतं. एकानं त्यावरूनच ‘विलेपार्ले की सांताक्रूझ?’ असं विचारलं होतं आणि मी हसरा चेहरा पाठवला होता! उरलेलं काम विगच्या खोक्यानं केलं. खोका उघडतानाच्या व्हिडिओत कुरिअरचं लेबल तीन सेकंद स्वच्छ वाचता येत होतं.

त्याच आठवड्यात माझे पैसे भरून बघायचे फोटो टेलिग्रामच्या एका ग्रुपवर फुकट फिरताना सापडले. काढून टाकण्याची नोटीस मी भरली, खरं नाव आणि घरचा पत्ता घालून. अशा नोटिशीची प्रत समोरच्या पक्षाला जाऊ शकते, हे नंतर कळलं. त्या रात्री मी आईबाबांना सगळं सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “उद्या पोलीस स्टेशनला मी येतो बरोबर.” आम्ही गेलो, अर्ज दिला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवली. दुसरं पार्सल आलं नाही.

आता जे या वाटेला लागले आहेत त्यांच्यासाठी. पार्ल्यातल्या कॉलेजांतली मुलं-मुली मला विचारायला येतात, त्यांना सांगते तेच.

घरी आधी सांगा. परवानगी मागा असं म्हणत नाही, सांगा. जे घरच्यांपासून लपवलेलं असतं त्याचीच धमकी देता येते. पार्सल आलं तेव्हा त्या माणसाच्या हातात माझा पत्ता होता, पण मला खरी भीती वाटली ती आईची, आणि तेवढ्यावर मी सहा तास त्याला गोड बोलून उत्तरं देत होते. आईला आधीच माहीत असतं तर पहिल्या मिनिटाला त्याला ब्लॉक केलं असतं.

काय करणार नाही ते पहिला पैसा येण्याच्या आधी लिहून काढा आणि पानावर सर्वांना दिसेल असं लावा: खासगी भेट नाही, व्हिडिओ कॉल नाही, पाठवलेले कपडे घालणार नाही, वेशाची उंची मी ठरवणार. नंतर ठरवलेला नियम ग्राहकाला घासाघीस वाटतो. आणि कोणी धीट पोशाखांकडे जाणार असेल तर कायदा वाचून जा. प्लॅटफॉर्म परदेशात असला तरी तुम्ही भारतात बसला आहात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली अश्लील मजकूर प्रसारित केल्यास पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. ६७ए खाली, उघड लैंगिक मजकुरासाठी, पाच वर्षं आणि दहा लाख. “तिकडे चालतं” हे उत्तर इकडे चालत नाही.

पैशाचं बोलायचं तर कमिशन आधी बघा, मग दर ठरवा. पेट्रिऑननं ४ ऑगस्ट २०२५ नंतर येणाऱ्यांसाठी दहा टक्के केलंय, ओन्लीफॅन्स वीस घेतं, यूट्यूबची मेंबरशिप तीस, आणि आयफोनच्या ॲपमधून भरलेल्या वर्गणीत ॲपल तीस टक्क्यांपर्यंत हिस्सा मागतं. प्लॅटफॉर्मवरच्या खात्यात पैसा साठू देऊ नका, दरमहा काढून घ्या. वेगळं बँक खातं उघडा, परदेशी रक्कम आल्याचा दाखला बँकेकडून घेऊन ठेवा. डॉलरचं उत्पन्न करमुक्त असतं ही कॉस्प्लेवाल्यांतली लाडकी अफवा आहे. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ च्या विवरणपत्रात सोशल मीडिया इन्फ्लुएन्सरसाठी १६०२१ असा वेगळा कोडच आला, म्हणजे आयकर खात्याला तुम्ही दिसता. सेवांची उलाढाल वर्षाला वीस लाखांकडे जायला लागली की जीएसटीसाठी सीए गाठा. माझ्यावर ती वेळ आली नाही.

पात्र तुमचं नाही, हेही ध्यानात असू द्या. हौसेनं वेश घातला तर कोणी विचारत नाही, त्यावर दरमहा पैसे घेतले तर विचारू शकतं. जपान सरकारनं २०२१ मध्ये व्यावसायिक कॉस्प्लेसाठी स्वामित्वहक्काचे नियम स्पष्ट करण्याचा विचार सुरू केला, तेव्हा एनाको या तिथल्या नावाजलेल्या कॉस्प्लेयरचंही मत घेतलं होतं. मी आता विक्रम-वेताळ करते. वेताळाचा मालक कोणी नाही, आणि प्रेताचा मेकअप पावसाळ्यात उलट जास्त खुलतो.

शूटिंग एका भिंतीसमोर करा, खिडकी बंद, आवाज नंतर घाला. लेबलं खोका घरात आल्याआल्या फाडा. फोटो आजचा असेल तर पुढच्या आठवड्यात टाका. नोटिशीवर घरचा पत्ता कधीही नको.

आणि विकायचंच असेल तर हातातली विद्या विका. माझ्या खांदपट्ट्यांचा पॅटर्न, कागदावर उतरवलेला, मापं टाकलेला, दोनशे रुपयांना जातो. फोटोंपेक्षा कमी पैसे देतो, पण एकदा काढला की तो परत परत विकला जातो, आणि घेणारा मला “ताई, कोपरा वळत नाही” असं विचारतो. वर्गणी मी बंद केली. शेवटच्या महिन्यात पंच्याहत्तर जण होते. निरोपाचं लिहिलं तर त्यातल्या चौघांनी उत्तर दिलं, त्यातले तिघे त्या जुन्या अकरांतले.

नोकरी सोडायची घाई झालेल्यांनी आधी बारा महिने वही लिहावी, तासांसकट. लिहून झाल्यावर माझ्याकडे आणा, चहा मी पाजते. रविवारी मात्र, किंवा संध्याकाळी सातनंतर. बाकी दिवस मी अंधेरीला असते, साडेनऊची नोकरी आहे.