ताट वाजवलं म्हणजे कान तपासले नव्हेत

मूल बोलायला उशीर करू लागलं की मराठी घरांत एक प्रयोग हमखास होतो. मूल खेळात रमलेलं असताना पाठीमागून कोणीतरी स्टीलचं ताट वाजवतं. मूल वळून बघतं. "बघा, ऐकू तर येतंय की!" असं म्हणत ताट मांडणीवर परत जातं आणि कानाचा विषय तिथेच मिटतो. ठाण्यात राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एका आईच्या घरी हा प्रयोग आधी आजीने केला, मग आत्याने, नंतर बाबांनी. मुलगा दर वेळी वळला. तेव्हा तो दीड वर्षाचा होता आणि त्याच्या तोंडून कळण्यासारखा एकही शब्द आलेला नव्हता.

त्याला दोन्ही कानांनी मध्यम स्वरूपाचा बहिरेपणा आहे हे निदान झालं तेव्हा तो पावणेतीन वर्षांचा होता. आज तो दुसरीत आहे, कानामागे मशीन लावून शाळेत जातो, वर्गात दंगाही करतो. त्याची आई थेरपीला आली की बाकावर नव्याने आलेल्या आईबापांना स्वतःहून गाठते. नाव-गाव विचारायच्या आधी तिचा प्रश्न ठरलेला असतो: "कान तपासलेत का? ताट वाजवून नाही हं, मशीनवर."

ताटाच्या प्रयोगात फसगत कशी होते ते समजून घेण्यासारखं आहे. आपलं नेहमीचं बोलणं साधारण 60 डेसिबलच्या आसपास असतं, कुजबुज 30च्या. जवळ वाजवलेलं ताट, कुकरची शिट्टी, दाराचा धाडकन आवाज हे सगळे त्याच्या कितीतरी वरचे. ज्या मुलाला 50 डेसिबलच्या खालचं काही ऐकू येत नाही, ते ताटाला वळणारच. पण आई स्वयंपाकघरातून काय म्हणाली, ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय बोलण्यातले सगळे आवाज सारख्या ताकदीचे नसतात. आ, ओ, ऊ हे स्वर खणखणीत असतात. स, श, फ, थ यांच्यातली हवेची सळसळ उंच पट्टीची आणि क्षीण. अशा मुलाला बोलण्याचा सूर कळतो; आई रागावली आहे की लाडात आली आहे हेही कळतं. शब्द मात्र अर्धेमुर्धे कानावर पडतात.

त्यात मूल डोळ्यांनी भरपाई करत असतं. ही आई सांगते, "मी 'चल, बाहेर जाऊ' म्हणायचे तेव्हा माझ्या हातात त्याच्या चपला असायच्या. तो चपला बघून दाराशी धावायचा. आम्हाला वाटायचं, याला सगळं समजतंय, फक्त बोलायचा आळस आहे." पुढे थेरपिस्ट मॅडमनी तिला एक साधी गोष्ट करायला सांगितली. हात मागे, नजर दुसरीकडे, खूण अजिबात नाही, आणि नेहमीच्या आवाजात म्हणायचं, "बॉल आण." मुलगा आईच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

मधल्या काळात घरात उपायांची रीघ लागली होती. वेखंड मधात उगाळून चाटवून झालं. कोणी पोपटाने टोचलेला पेरू आणून दिला. शेजारच्या काकूंनी जिभेखालची तार कापून घ्यायला सांगितलं. सासूबाईंचं म्हणणं, "याचा बापही तीन वर्षांनीच बोलला." यातल्या दोन गोष्टींबद्दल डॉक्टर स्पष्ट बोलतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही चाटवायचं नाही, कारण मधात असू शकणाऱ्या जिवाणूंमुळे बोटुलिझम हा गंभीर आजार होण्याचा धोका असतो. आणि जिभेखालची पट्टी आखूड असल्याने एखाद्या बाळाला दूध ओढायला त्रास होतो, क्वचित एखाद्या उच्चारालाही अडचण येते. पण त्यापायी मूल बोलायचंच थांबलं, असं होत नाही.

कानाची खरी तपासणी दोन प्रकारे होते आणि दोन्हींत मुलाने काही करून दाखवायची गरज नसते. ओएई चाचणीत कानात छोटीशी नळी ठेवून आवाज सोडतात आणि आतल्या कानातून येणारा सूक्ष्म प्रतिध्वनी मोजतात. नवजात बाळाची ही चाचणी काही मिनिटांत होते. बेरा चाचणीत कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवतात आणि आवाज गेल्यावर कानापासून मेंदूच्या मुळापर्यंत संदेश पोचतो का, ते संगणकावर बघतात. ज्या बाळांना जन्मानंतर काही दिवस एनआयसीयूत ठेवावं लागलं किंवा ज्यांना तीव्र कावीळ झाली, त्यांच्यासाठी नुसती ओएई पुरत नाही, बेरा करावी लागते. काही बाळांचा कान प्रतिध्वनी देतो, पण पुढची नस नीट काम करत नसते.

ठाण्याचा मुलगा जिथे जन्मला त्या दवाखान्यात यातलं काहीच झालं नव्हतं आणि घरच्यांनाही ते मागायचं असतं हे ठाऊक नव्हतं. जन्मजात, कायमचा बहिरेपणा जगभरात हजार बाळांमागे साधारण एक ते तिघांना असतो. म्हणूनच या क्षेत्रात 1-3-6 असा हिशेब धरतात: पहिल्या महिन्यात चाळणी चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत मशीन आणि थेरपी सुरू. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 1998मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या आत बहिरेपणा लक्षात आलेल्या मुलांची भाषा, उशिरा लक्षात आलेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती.

सहा महिन्यांचं एवढं काय, असं वाटू शकतं. बाळ बोलत नसतं, पण त्याचे कान तोवर कामाला लागलेले असतात. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांचा 1984चा एक प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या 'ट' आणि 'त'मधला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांपर्यंत तो कळेनासा झाला, कारण त्यांच्या घरात तो फरक कोणी करतच नव्हतं. मराठी घरातल्या बाळाला ट-त रोज ऐकू येतात, म्हणून त्याचा कान तो फरक धरून ठेवतो. पण ऐकूच येत नसेल तर?

बोलणं म्हणजे नुसती जिभेची हालचाल नव्हे. फुफ्फुसांतून निघालेली हवा स्वरयंत्रातल्या स्वरतंतूंना कंप देते. पुरुषांत हा कंप सेकंदाला सव्वाशेच्या आसपास असतो, स्त्रियांत दोनशेच्या, लहान मुलांत तीनशेच्या घरात. पुढे घसा, टाळू, जीभ, दात आणि ओठ त्या आवाजाला आकार देतात. मऊ टाळू नाकाची वाट उघडतो तेव्हा 'म' होतो, ती बंद ठेवतो तेव्हा त्याच ओठांचा 'ब' होतो. स्पीच थेरपिस्टला आपली वर्णमाला यासाठी फार सोयीची पडते, कारण तिच्यातले वर्ग तोंडातल्या जागांप्रमाणेच लावलेले आहेत: क-वर्ग घशाजवळचा, मग टाळूचा च-वर्ग, पुढे ट-वर्ग, दातांचा त-वर्ग आणि शेवटी ओठांचा प-वर्ग. मुलं ढोबळमानाने शेवटच्या टोकापासून सुरुवात करतात. प, ब, म ओठांवर दिसतात, म्हणून बाबा, मामा, पापा लवकर येतात. र, ळ, ण, स-श आणि जोडाक्षरं सवडीने येतात.

त्यामुळे अडीच वर्षांचं मूल 'काका'ला 'ताता' आणि 'राजा'ला 'लाजा' म्हणत असेल तर घाबरायचं काही नाही. 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणणारं मूल तर चक्क व्याकरण शिकत असतं; त्याने नियम पकडला आहे, अपवाद अजून पकडायचा आहे. चार वर्षांनंतरही 'काका'चा 'ताता' होत असेल, किंवा बाहेरच्या माणसाला मुलाचं निम्मंही बोलणं कळत नसेल, तर दाखवून आणावं. उच्चार बोबडे असणं आणि भाषाच कमी असणं या वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांच्यावरचं कामही वेगळं असतं.

भाषेचा अंदाज घ्यायला काही टप्पे उपयोगी पडतात. दोन-तीन महिन्यांत हुंकार, सहा-सात महिन्यांच्या सुमारास बा-बा-बा, दा-दा-दा. वर्षाच्या आत नावाला प्रतिसाद, टाटा करणं, बोटाने दाखवणं. वर्षाच्या मागेपुढे पहिला शब्द. दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नास शब्द आणि 'दूध दे', 'बाबा गेला' अशी दोन शब्दांची जुळवणी. दोन-चार आठवडे मागेपुढे होणं स्वाभाविक आहे. दोन वर्षांच्या वयात उशिरा बोलणाऱ्या मुलांपैकी बरीचशी पुढे बरोबरी गाठतात हेही खरं. घरातली वडीलधारी माणसं जी उदाहरणं देतात, ती यांचीच. पण आपलं मूल त्यांतलं आहे की नाही, हे शब्द मोजून कळत नाही. खुणेशिवाय सांगितलेलं त्याला कळतं का? हवी ती वस्तू बोटाने दाखवतं का? दाखवल्यावर तुमच्याकडे वळून बघतं का? या प्रश्नांची उत्तरं 'नाही' येत असतील तर थांबण्यात अर्थ नाही. आणि येत असलेले शब्द मूल विसरू लागलं, तर वय कोणतंही असो, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाकडे जायचं. कान चांगले असूनही नावाला ओ न देणाऱ्या मुलाची स्वमग्नतेच्या दृष्टीनेही तपासणी करतात.

मशीन लागलं म्हणजे मूल बोलू लागलं, असं होत नाही. या मुलाने पहिले काही दिवस मशीन काढून फेकलं. एकदा ते शोध शोध शोधून शेवटी तांदळाच्या डब्यात सापडलं. कान वाढतो तसा मशीनचा कानात बसणारा साचा सैल होतो, मशीन शिट्टी मारू लागतं, नवा साचा करावा लागतो. खरं काम असतं रोजच्या बोलण्याचं, आणि तिथे मॅडमनी आईला आधी एक सवय सोडायला लावली. "हे काय आहे? बोल ना! बोल, पाणी बोल," हा घरातला धोशा बंद. त्याऐवजी समोर जे चाललं आहे त्यावर, मुलाच्या उंचीला बसून, दोन-तीन शब्दांत बोलायचं. पोळ्या करताना ती म्हणायची, "गोळा. गोल गोळा. लाटू या." मग गप्प राहून मनात पाचपर्यंत आकडे मोजायचे. या गप्प राहण्याचाच तिला सगळ्यात त्रास झाला. एके दिवशी मुलाने पिठाचा हात पुढे करून 'गोओ' म्हटलं. तिने दुरुस्त केलं नाही, वाढवून परत दिलं: "हो, गोळा. मोठा गोळा."

मोबाइलवरची बडबडगीतं हे काम करत नाहीत. पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी 2003मध्ये अमेरिकी बाळांवरचा एक प्रयोग मांडला. नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणाऱ्या व्यक्ती प्रत्यक्ष खेळल्या तेव्हा बाळं त्या भाषेचे आवाज शिकली. तेच सगळं टीव्हीवर दाखवलं तेव्हा काही शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचं 2019चं म्हणणं असं की दोन वर्षांच्या आतल्या मुलाला बसून पडदा बघायला द्यायचाच नाही. इंग्रजी माध्यमाच्या धास्तीने घरातली मराठी बंद करण्याचा सल्लाही अनेकांना मिळतो. दोन भाषा कानावर पडल्याने भाषादोष होत नाही. आईबाप तोडक्यामोडक्या इंग्रजीत चार वाक्यं बोलून गप्प होतात, त्यापेक्षा आजीची भरघोस मराठी मुलाला जास्त देऊन जाते.

मदत कुठे मिळते, हेही ही आई बाकावरच सांगून टाकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते आणि गरज असलेल्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला 1983मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. नायर रुग्णालयात या विषयाचं शिक्षण साठच्या दशकापासून दिलं जातं, तिथेही तपासणी होते. श्रवणयंत्रासाठी केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मदत मिळते. खासगी थेरपिस्ट गाठायचा असेल तर त्याच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, ते बेधडक विचारावं.

तपासणीला जाताना बाळाच्या जन्माची फाइल न्यायची. मूल जे काही म्हणतं त्याची यादी करायची. 'भूऽ', 'म्याँव' हेसुद्धा धरायचे, आणि घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर ठेवायचा, कारण अनोळखी खोलीत मूल तोंड उघडेलच याची खात्री नसते. बेरा मूल झोपलेलं असताना करतात, म्हणून तिची तारीख मिळाली असेल तर मुलाला आदल्या रात्री उशिरा झोपवायचं, सकाळी लवकर उठवायचं आणि ट्रेनमध्ये त्याचा डोळा लागू द्यायचा नाही. नाहीतर तपासणीच्या खोलीत ते टक्क जागं राहतं आणि पुढची तारीख घेऊन घरी परतावं लागतं.