जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका

गोव्यात एकेकाळी स्पोर्ट्स कार बनत होती, हे आमच्या कांदिवलीतल्या ठाकूर व्हिलेजमध्ये सांगितलं तर निम्म्या लोकांचा विश्वास बसत नाही. सॅन मोटर्सची सॅन स्टॉर्म. दोनच माणसं बसतात, टप उघडतो, बॉडी फायबरची आणि इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं, युरोपातल्या क्लिओमध्ये बसायचं तेच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती रस्त्यावर आली, थोड्याच विकल्या गेल्या आणि जाणकार सोडले तर बाकीचे तिला विसरले. माझ्याकडे जुनी, वापरलेली आली. तिचं ऑइल मी स्वतः बदलतो, आणि अशा खाली बसणाऱ्या गाडीचे मालक अधूनमधून मला त्याबद्दल विचारतात. त्यांना जे सांगतो, तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे.

स्वतः करायला लागलो त्याचं कारण पैसे वाचवणं नव्हतं. उपनगरातल्या एका गॅरेजमध्ये मी ती ऑइल बदलायला दिली होती. तिथल्या मुलाने सवयीप्रमाणे दाराखालच्या पट्टीला जॅक लावला. साध्या गाडीत ती जागा पत्र्याची आणि मजबूत असते. माझ्या गाडीत तिथे फायबर आहे. वजन पेलणारा पोलादी सांगाडा त्याच्या आत, जरा बाजूला असतो. फायबरला पोचा पडत नाही, त्याला तडा जातो. आधी वरच्या गुळगुळीत थरावर, म्हणजे जेलकोटवर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात, मग एक दिवस तिथला तुकडा हातात येतो. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने अशी गाडी आधी पाहिलीच नव्हती आणि त्याला सांगणारं कुणी समोर उभं नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट ही: आपल्या गाडीला जॅक नेमका कुठे लावायचा, ते ऑइल आणायच्या आधी शोधा. मॅन्युअलमध्ये चित्र असतं. मॅन्युअल नसेल तर टॉर्च घेऊन जमिनीवर आडवे व्हा आणि सांगाड्याचे जाड भाग कुठून कुठे जातात ते बघा. ऑइलच्या चेंबरखाली जॅक कधीही लावू नये. चेंबर ऑइल धरायला असतो, इंजिनाचं वजन धरायला नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत तो ॲल्युमिनियमचा असतो, आणि ॲल्युमिनियम वाकून इशारा देत नाही, थेट फुटतं.

आता मुख्य विषयाकडे येतो. खाली बसणाऱ्या गाडीत ऑइल बदलणं अवघड नाही, गाडी वर उचलून वर धरून ठेवणं अवघड आहे. सगळी जोखीम त्या अर्ध्या कामात आहे, आणि लोक सगळा विचार मात्र ऑइलच्या ब्रँडचा करतात.

आमच्या शेजारच्या विंगमधल्या एका तरुणाकडे परदेशातून आणलेली दोन दारांची गाडी होती, माझ्या गाडीपेक्षाही खाली. पावसाळा संपल्यावर एका रविवारी सकाळी तो सोसायटीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये ऑइल बदलायला बसला. मी शेजारीच उभा होतो. जमिनीवर पेव्हर ब्लॉक. ट्रॉली जॅकने त्याने गाडीचं नाक वर घेतलं. जॅक स्टँड बाजूला ठेवलेले होते. आधी ऑइल काढायचा प्लग कुठे आहे ते बघतो, मग स्टँड लावतो, असं म्हणाला आणि खाली शिरला. बहिणीने वरून फडकी आणली, ती घ्यायला तो बाहेर सरकला, आणि तेवढ्यात जॅकच्या एका चाकाखालचा ब्लॉक कलला. पावसाच्या पाण्याने त्याखालची रेती केव्हाच वाहून गेली होती. जॅक तिरका झाला, त्याची वाटी सांगाड्यावरून सटकली आणि गाडी बसली. आवाजही फार मोठा झाला नाही. ऑइल धरायला ठेवलेला प्लॅस्टिकचा टब खाली चपटा झाला होता आणि त्याच्या कडेला उभी चीर गेली होती. तो टब होता तिथेच क्षणापूर्वी त्याची छाती होती. बराच वेळ आम्ही तिघंही काही बोललो नाही.

हे असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. ट्रॉली जॅकची वाटी सरळ वर जात नाही, कमानीत जाते. म्हणून वजन चढताना जॅकला थोडं पुढे सरकावं लागतं, त्यासाठीच त्याला चाकं असतात. गुळगुळीत काँक्रीटवर तो आपोआप सरकतो. पेव्हर ब्लॉकच्या फटीत चाक अडकलं की जॅक जागेवर राहतो आणि वाटी गाडीखालून घसरत जाते. वरून पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. शिवाय जॅकमध्ये वजन धरतं ते तेल आणि रबराचं सील. सील जुनं असेल तर गाडी हळूहळू खाली येते.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, आकुर्ली रोडवरच्या महिंद्राच्या ट्रॅक्टर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्या दिवशी ते खाली आले, त्यांनी तो टब पाहिला आणि त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "बाळा, जॅक उचलायला असतो, धरायला घोडी असते. घोडी लावल्याशिवाय हातसुद्धा आत घालायचा नाही." घोडी म्हणजे जॅक स्टँड. नंतर त्यांनी मला त्यांची पद्धत दाखवली. आधी मागच्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे, मग गाडी उचलून घोडी लावायची, जॅक हळू सोडून वजन घोडीवर बसवायचं, मग गाडीला बाहेरून दोन्ही हातांनी जोरात हलवायचं. हलायचीच असेल तर तेव्हा हलू दे, आपण बाहेर असताना. त्यानंतर जॅक पुन्हा सांगाड्याला जेमतेम टेकवून तसाच ठेवायचा, दुसरा आधार म्हणून. मी आजही हे याच क्रमाने करतो आणि यातली एकही पायरी गाळत नाही.

जागेबद्दल माझं मत कडक आहे. पेव्हर ब्लॉकवर हे काम करू नये. इमारतीखालच्या स्टिल्टमध्ये सपाट काँक्रीट असतं, तिथे करावं, आणि त्याआधी सोसायटीच्या कमिटीकडून परवानगी घ्यावी. जॅक आणि घोड्या दोन्ही काँक्रीटवरच राहतील एवढी जागा हवी. उतारावर, रॅम्पवर किंवा स्टॅक पार्किंगच्या पाळण्यावर तर अजिबात नाही.

खाली बसणाऱ्या गाडीची आणखी एक अडचण म्हणजे साधा जॅक तिच्याखाली जातच नाही. बाजारातल्या नेहमीच्या ट्रॉली जॅकची कमीत कमी उंची तेरा-चौदा सेंटीमीटर असते. कमी उंचीचे जॅक आठ सेंटीमीटरपर्यंत मिळतात. तो घ्या, पैसे वसूल होतात. नाहीतर पुढची चाकं आधी रुंद, जाड फळ्यांवर चढवून घ्या, म्हणजे जॅक शिरायला फट मिळते. लोखंडी रॅम्पवर गाडी चढवायची असेल तर पुढचा बंपर आधी रॅम्पला भिडतो, म्हणून तिथेही रॅम्पच्या तोंडाशी फळ्यांचा सौम्य चढ करावा लागतो. चढवताना बाहेर कुणीतरी उभं राहून सांगणारं हवं.

हे सगळं जमणार नसेल तर गाडीखाली न जाताही ऑइल काढता येतं. ऑइलची पातळी बघायची दांडी जिथून निघते त्या नळीतून बारीक पाइप चेंबरच्या तळापर्यंत सोडायचा आणि हातपंपाने ऑइल ओढून घ्यायचं. इंजिन कोमट हवं, म्हणजे ऑइल पातळ असतं. तळाला थोडं राहतं हे खरं, पण वेळेवर बदलत असाल तर त्याने बिघडत नाही. अर्थात फिल्टर वरून निघत असेल तरच याचा पुरा उपयोग. काही नव्या गाड्यांना दांडीच नसते, तिथे हा मार्ग बंद. ज्यांच्या इंजिनात ड्राय संप असतो, म्हणजे ऑइलची वेगळी टाकी असते, त्यांनी हे घरी करूच नये. तिथे ऑइल काढायच्या जागा एकाहून जास्त असतात आणि पातळी मोजायची रीतही वेगळी असते.

प्रत्यक्ष ऑइल बदलण्याचं आता थोडक्यात सांगतो. इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा. ऑइल कोमट हवं, उकळतं नको. खाली बसणाऱ्या गाडीत सायलेन्सरचा पाइप तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर असतो, हे विसरू नका. हातमोजे घाला. जळकं ऑइल वारंवार कातडीला लागणं घातक आहे, त्यात कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं असतात. प्लग सोडण्याआधी फिल्टर सुटतो आहे ना, ते पाहून घ्या. ऑइल काढून बसलात आणि फिल्टर जाम निघाला, तर गाडी तिथेच अडकते.

रेनोच्या या इंजिनाच्या प्लगला षट्कोनी डोकं नाही, आत आठ मिलिमीटरचा चौकोनी खळगा आहे. भलतीच किल्ली घालून जोर केला की तो खळगा गोल होतो. आधी योग्य किल्ली आणा. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरमुळे आणखी एक गोष्ट तपासावी लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकात गोल स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा असं आहे, पण गल्लीबोळांत रातोरात घातलेले उंचवटे अरुंद आणि टोकदार असतात. चेंबर आणि प्लग घासला गेला आहे का, ते गाडी वर असताना निरखून बघा. काढलेल्या ऑइलचाही रंग पाहा. काळं असणं स्वाभाविक आहे, दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे. तसं असेल तर नवं ऑइल भरून गाडी काढू नका, मेकॅनिक बोलवा.

नवा फिल्टर घेताना जुना सोबत न्या. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात शोधाशोध केल्यावर बरंच काही जुळतं, पण नुसता आकार सारखा दिसला म्हणून घेऊ नका. आटे आणि रबरी रिंगचा व्यास जुळला पाहिजे. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनालाच चिकटून राहते कधीकधी. ती न काढता नवा बसवला तर दोन रिंगांमधून ऑइल दाबाने बाहेर फेकलं जातं. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, फिल्टर हातानेच आवळा. प्लगला दर वेळी नवा वायसर. प्लग आधी बोटांनी फिरवत बसवा, अडला तर जोर न करता उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करा. आटे गेले की नुसता प्लग बदलून भागत नाही, चेंबर काढावा लागतो. शेवटचा आवळ मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे, टॉर्क पान्याने.

भरताना सांगितलेल्या मापापेक्षा थोडं कमी भरा. मिनिटभर इंजिन चालवा, बंद करा, प्लग आणि फिल्टर कोरडे आहेत ना ते बघा. गाडी खाली, सपाट जमिनीवर आणल्यावरच दांडी बघायची, नाक वर असताना घेतलेलं माप चुकीचं येतं. मग उरलेलं थोडं थोडं घाला. जास्त ऑइल हेही नुकसानच. क्रँकशाफ्ट त्यात घुसळतो, फेस होतो आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही.

राहिलं जळकं ऑइल. कृपा करून ते गटारात ओतू नका. पावसाच्या पाण्याची आपल्याकडची गटारं पोईसर नदीला मिळतात. राष्ट्रीय उद्यानातून निघालेली ही नदी कांदिवलीतून वाहत खाडीत, खारफुटीत जाते, आणि वाटेत ते ऑइल गाळणारं काही नाही. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा होऊन पुनर्वापरात जाण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. मी ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून एका मोठ्या वर्कशॉपला देतो. त्यांची पिंपं प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्यता दिलेल्या माणसाकडेच जातात, हे विचारून घेतलं आहे. तुम्हीही विचारा. रिकाम्या ऑइलच्या बाटल्यांना टाकण्याआधी भोकं पाडा, नाहीतर त्याच बाटल्यांत बनावट ऑइल भरून परत बाजारात येतं.

काँक्रीटची सपाट जागा, दोन चांगल्या घोड्या आणि हाकेच्या अंतरावर एक माणूस, यातलं एक जरी नसेल तर गाडी गॅरेजला न्या. जॅकची जागा खडूने खूण करून दाखवा आणि गाडी खाली उतरेपर्यंत तिथून हलू नका.