पाठ केलेल्या निबंधाचे साडेपाच बँड

ज्या क्लासने मला साडेपाचवर अडकवून ठेवलं, त्याच क्लासच्या फ्लेक्सवर आज माझा फोटो आहे. खाली ‘रायटिंग 6.5’. काढा म्हणून दोनदा फोन केला, काढला नाही. म्हणून हे लिहितेय. आयईएलटीएसला बसणाऱ्या मराठी माध्यमाच्या नर्सेसनी तरी यातून जाऊ नये.

ब्रिटनच्या एनएमसीला (नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल) लेखनात 6.5 आणि बाकी तिन्हींत 7 लागतात. माझे बाकीचे तीन पहिल्याच परीक्षेत झाले. लेखन 5.5. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. माझी तुकडी त्याआधीची, पाचवीत एबीसीडी गिरवलेली. सरांनी लगेच तेच कारण पुढे केलं. ‘मॅडम, तुमचा बेसच कच्चा आहे, ॲडव्हान्स बॅच लावा.’ फी वेगळी.

क्लासमध्ये शिकवलं काय होतं? एक झेरॉक्स. ‘इन धिस मॉडर्न एरा’ने सुरुवात, मग ‘इट इज अ हायली डिबेटेबल टॉपिक’, मधूनमधून रिकाम्या जागा. विषय कोणताही येवो, जागा भरायच्या. प्रत्येक परिच्छेदाला ‘मोअरओव्हर’ नाहीतर ‘फर्दरमोअर’ हवंच. शाळेत आम्ही गाईडमधला ‘पावसाळ्यातील एक दिवस’ पाठ करून निबंधाचे गुण मिळवले होते, त्यामुळे वर्गात कुणालाच हे खटकलं नाही.

एकदा विषय होता, म्हाताऱ्या माणसांची काळजी घरच्यांनी घ्यावी की सरकारने. मी आमच्या वॉर्डातल्या एका आजोबांचं उदाहरण लिहिलं. मुलगा रोज डबा घेऊन यायचा, पण ड्रेसिंग बदलणं त्याला जमत नव्हतं. घरच्या मायेला शिकलेल्या हाताची जोड लागते, एवढाच माझा मुद्दा. सरांनी त्यावर लाल रेघ मारली. ‘पर्सनल नको. सर्व्हे टाका, सेव्हंटी पर्सेंट लिहा.’ ‘कुठला सर्व्हे सर?’ ‘कोण तपासायला जातंय?’ सगळा वर्ग हसला.

निकालानंतर नाइट ड्युटीला, वॉर्ड शांत झाल्यावर, सरावाच्या प्रश्नपत्रिका पुन्हा काढल्या. प्रत्येक निबंधाच्या प्रश्नाखाली एक ओळ छापलेली असते: उत्तराची कारणं द्या आणि स्वतःच्या ज्ञानातली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या. प्रत्येक! तोच मजकूर, वर्षानुवर्षं. क्लासमध्ये एवढे निबंध झाले, पण ही ओळ सरांनी एकदाही वाचून दाखवली नव्हती. मग बँडचे निकष शोधले. ते अधिकृतपणे, फुकट मिळतात. ‘मोअरओव्हर’सारख्या जोडशब्दांचा अतिरेक हे त्यात पाचव्या बँडच्या वर्णनात आहे. सगळ्यात वरच्या बँडला ते वाचणाऱ्याच्या नजरेत भरत नाहीत. म्हणजे मला जे ठासून भरायला लावलं, तेच मला खाली ओढत होतं. माझा बेस कच्चा नव्हता. मला चुकीचं शिकवलं गेलं. कागद घेऊन सरांकडे गेले, तर म्हणाले, ‘हे थिअरी आहे, एक्झामिनर असं बघत नसतो.’ पुढच्या बॅचलाही तीच झेरॉक्स वाटली.

तर आता, काय करावं. निबंधाला किमान 250 शब्द आणि साधारण 40 मिनिटं. पहिली पाच मिनिटं पेन खाली ठेवा आणि प्रश्न नेमकं काय विचारतोय ते ठरवा: तुम्ही सहमत आहात का, की दोन्ही बाजू मांडून तुमचं मत? दोन्ही बाजू विचारल्या असताना एकच लिहिली की, प्रश्नाला पूर्ण उत्तर दिलंय का, या पहिल्याच निकषावर मार बसतो. आपलं मत पहिल्या परिच्छेदातच सांगा. शाळेतल्या मराठी निबंधासारखं सुविचाराने सुरू करून मुद्दा शेवटपर्यंत राखून ठेवू नका. पुढचे दोन परिच्छेद, एकात एकच मुद्दा: म्हणणं, त्याचं कारण, तुम्ही पाहिलेलं उदाहरण. वॉर्डात काय कमी पाहतो आपण? वाक्य साधं ठेवा. 350 शब्द लिहून वेळ घालवू नका, 270 पुरतात. निबंधाला लेखनाच्या पेपरातल्या पहिल्या टास्कच्या दुप्पट वजन आहे, मी तो आधी लिहायचे.

शेवटची चार मिनिटं फक्त चुकांसाठी. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ लावायची सवय नाही, म्हणून ते नेमके गळतात. एकेका नामावर बोट ठेवून तपासा. ‘ही’, ‘शी’ नंतरच्या क्रियापदाचा ‘एस’ही असाच निसटतो.

बाकी रोज इंग्रजी पेपर वाचा, रोज थोडं लिहा, हे सगळेच सांगतात आणि ते खरं आहे.

मी पुढे क्लास सोडून, वॉर्डातल्या एका सीनियर सिस्टरांना निबंध दाखवत गेले. फ्लेक्सवरचे ते 6.5 त्यानंतरचे. त्यांनी एक रुपया घेतला नाही. फोटो लावायचाच तर त्यांचा लावायला हवा होता.

क्लास लावायचाच असेल, तर फी भरण्याआधी सरांना विचारा: आठवड्याला माझे किती निबंध तुम्ही स्वतः तपासणार, आणि तपासलेला एखादा जुना निबंध दाखवाल का? नुसते फ्लेक्सवरचे फोटो दाखवले, तर पैसे परत पर्समध्ये ठेवा आणि जिना उतरा.