मोशेचे हात कोणी धरले?

वाचन : निर्गम १७:८-१३



आजारी माणसाला भेटायला जाण्याची आपल्याकडे चांगली रीत आहे. अर्धापूरच्या केळीची एखादी फणी, बिस्किटांचा पुडा घेऊन आपण जातो. खाटेजवळ बसतो, ‘बाबा, आता बरं वाटतं का?’ म्हणून विचारतो, प्रार्थना म्हणतो, चहा घेतो आणि निघतो. तो चहा करणारी सून रात्री तीनदा उठलेली असते. बाबांची कूस तिने बदललेली असते, अंथरूण तिने धुतलेले असते. तिला मात्र आपण काहीच विचारत नाही. उलट निघताना ‘नीट काळजी घे गं त्यांची’ असे बजावून येतो.

आजच्या वाचनात इस्राएल लोकांची अमालेकी लोकांशी लढाई चालली आहे. मोशे टेकडीवर उभा आहे. त्याचे हात वर असले की इस्राएलची सरशी होते, हात खाली आले की शत्रूची. पण मोशेसारख्या देवमाणसाचे हातही भरून आले. तेव्हा अहरोन आणि हूर यांनी काय केले? त्याला बसायला एक दगड दिला. मग एकाने या बाजूने, दुसऱ्याने त्या बाजूने त्याचे हात धरले. सूर्य मावळेपर्यंत धरले. मोशेला कोणीही ‘विश्वास कमी पडला’ असे म्हटले नाही.

आपल्या राज्यातलेच एक उदाहरण पाहू. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला. तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगाला पाठीवरची जखम होऊ दिली नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचे मनापासून कौतुक केले. त्यांना ओळखणाऱ्या परिचारिका निवृत्त झाल्या, तेव्हा नव्या आलेल्यांनी ते काम पुढे चालवले.

हे कसे शक्य झाले? माया तर होतीच. पण आणखी एक साधी गोष्ट होती : प्रत्येकीची पाळी संपत होती, आणि दुसरी येऊन उभी राहत होती. आपल्या घरातल्या सुनेची, मुलीची, म्हाताऱ्या पत्नीची पाळी कधी संपते? एक भाऊ पुण्याहून फोनवर सल्ला देतो, दुसरा सणाला तोंड दाखवतो. हात मात्र एकटीचेच वर असतात.

रविवारी ती मिस्साला दिसली नाही की आपल्यात कुजबुज होते. गंभीर कारणामुळे मिस्सा चुकली तर पाप लागत नाही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. आणि आजाऱ्याला एकटे सोडता न येणे हे गंभीरच कारण आहे. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेत (कलम ९१९) तर पवित्र कम्युनियनपूर्वी तासभर उपवास करण्याच्या नियमातून वृद्ध व आजारी यांच्याबरोबर त्यांची सेवा करणाऱ्यांनाही सूट दिली आहे. कायद्याला जिची आठवण राहिली, तिला आपण कसे विसरतो?

म्हणून या आठवड्यात तीन गोष्टी करू या.

१. दगड देऊ या. आजाऱ्याजवळ दोन तास आपण बसू आणि तिला झोपू देऊ, किंवा मिस्साला पाठवू. नांदेडच्या दवाखान्यात रात्र काढणाऱ्याला डबा पोहोचवू.

२. दोन्ही बाजूंनी हात धरू या. भावंडांनी एकत्र बसून औषधाचा खर्च आणि रात्रीची जागरणे वाटून घ्यावीत. पुरुषांनीही घ्यावीत.

३. सूर्य मावळेपर्यंत धरू या. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात. सहाव्या महिन्यात कोण येते, ते महत्त्वाचे.

लघु ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी : आपल्या गल्लीत आजाऱ्याची सेवा कोण एकट्याने करीत आहे? तिला वा त्याला आपण शेवटचे ‘तू कशी आहेस?’, ‘तू कसा आहेस?’ असे कधी विचारले?

प्रार्थना : हे प्रभो, जे आजाऱ्यांसाठी जागतात त्यांना बळ दे, आणि त्यांची पाळी घ्यायला आम्हाला उठव. आमेन.